पहिली फेरी, दिवाडी

ओतिलियाबाय चढायची सगळ्यांत शेवटी.
स्कूटर, माशांच्या पाट्या, शाळेची पोरं, पाववाला,
सगळे लागले की मग.
अठरा किलोचा झगा घालून जिने उतरलेली बाई,
ती कशाला घाई करेल?

झग्याचं वजन तिनंच सांगितलं मला.
मी दोर सोडत होतो, ती कठड्याला टेकलेली.
मखमल, आतून कॅनव्हास, डोक्यावर पितळी मुकुट
आणि समोर ऐंशी वाद्यं. माइक नाही.
“आमच्या इंजिनासारखी ऐंशी?”
“इंजिन बरं,” म्हणाली, “ते मत्सर करत नाही.”

लहानपणी पियेदादच्या चर्चमध्ये
मेस्त्र कायतान तिला ओळीतून बाहेर काढायचा,
दाराबाहेर, पोर्चात उभी करायचा.
आत राहिली तर बाकीच्या अकरा मुली
नुसती तोंडं हलवताना दिसायच्या.

लिस्बनला गेली तेव्हा बावीस.
तिथल्या बाईंनी ऐकलं, पियानो मिटला.
हिरवा आहे, म्हणाल्या, आत्ता तोडलास
तर चीकच लागेल हाताला.
मग तेरा वर्षं.
तेरा वर्षं हिनं इस्पितळाच्या चादरी धुतल्या
आणि संध्याकाळी चार ओळी गायल्या. पाचवी नाही.
गळा आढीत घालून ठेवला.
तेवढ्यात माझी दोन पोरं शाळा सोडून
मोकळी झाली होती.

पस्तिसाव्या वर्षी जर्मनीतल्या
एका कोळशाच्या गावानं ठेवून घेतली, पगारी.
राण्या, विधवा, शाप देणाऱ्या बाया,
एकोणीस वर्षांत चारशेदा मेली.
“आणि सकाळी बाजारात
लीक घ्यायला जायचे. लीक म्हणजे कांद्याची पात,
पण गर्विष्ठ.”

एकदा मोठ्या शहरातली मोठी बाई आजारी पडली,
हिला रात्रीच्या गाडीनं बोलावलं.
तिचा झगा हिच्या पाठीवर सेफ्टीपिनांनी जोडला.
शेवटच्या अंकानंतर लोक उभे राहिले, बसेचनात.
दुसऱ्या दिवशी?
“ताप उतरला तिचा,”
पाण्याकडे बघत म्हणाली.

मग आवाजात लाट आली,
बार्ज गेल्यावर काठाला येते तशी, रुंद.
राणीची दाई झाली. दाईची भिकारीण.
भिकारणीला दोनच वाक्यं होती,
नंतर छापील पत्र.

जानेवारीतली सकाळ. धुकं इतकं
की माझ्याच हातातला दोर पुढे कुठे जातो दिसेना.
भोंगा आदल्या दिवसापासून मुका,
अर्ज दिलेला, अर्ज पणजीला.
मांडवीच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि थांबलं.
आणि उजवीकडून, कुठून नक्की कळेना,
खनिजाच्या बार्जची धडधड.

आम्ही ओरडलो. पाववाल्यानं पिपाणी वाजवली.
कुणी पत्र्याची पाटी बडवली.
सगळं धुक्यात दहा हातांवर विरघळत होतं.

तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली.
पाय थोडे फाकवले, बूट काढले,
पत्रा तळव्यांना लागू दिला.
आणि एकच स्वर.
शब्द नव्हता त्याला.
मोठा होता असंही म्हणवत नाही,
तो फक्त सगळीकडे होता,
कठड्याच्या लोखंडात, माझ्या दाढेत,
पाटीतल्या बांगड्यांच्या उघड्या तोंडांत.
पलीकडच्या खारफुटीतून बगळे उठल्याचं ऐकू आलं.

धडधड वळली.
बार्जवाल्यानं ऐकलं की ओहोटीनंच ओढून नेलं,
मी शपथेवर सांगणार नाही.
बाजूनं काळी भिंत सरकत गेली,
एवढं पाहिलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
एक पोरगी रडत होती, तिला मासेवालीनं धरलं.
ओतिलियाबाय बूट घालत होती,
बंद सापडत नव्हता. मी वाकून बांधला.
“खाली होता,” ती पुटपुटली,
“अर्धा स्वर खाली.”

पुढच्या आठवड्यात नवा भोंगा बसला.
तिनं मान तिरकी करून ऐकला,
सगळ्यांत शेवटी चढली
आणि म्हणाली, “पंचम आहे.
पण प्यायलेला.”